व्होल्टेजची एक पायरी

भुकूमला एका शेतकऱ्याच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. परभणीहून नोकरीसाठी आलेलो, एकटाच. रविवार खायला उठायचा. त्यात ओव्हरक्लॉकिंगचा नाद लागला. म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. त्यासाठी व्होल्टेज पायरीपायरीने वाढवावं लागतं. कमी पडलं तर संगणक अडकतो, जास्त झालं तर चिप तापते. मधली जागा सापडली असं वाटलं की दिवसभर अवघड गणितं करायला लावून तो टिकतो का बघायचं.

माझा सकाळभर टिकायचा आणि दुपारी अडकायचा.

एकदा घरमालकीण मावशी चहा घेऊन वर आल्या. खिडकीतून विहिरीकडे बघत म्हणाल्या, "मोटर लागली. आता तुमचं बंद पडंल बगा, दादा."

पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थिजले.

मला उलट हायसं वाटलं. मोटर सुरू झाली की घरातली वीज ढासळत असणार. मी मित्राचा यूपीएस आणून लावला. पुढच्या रविवारी खालून हाक आली, "लागली वो मोटर!" आणि यूपीएसवर असूनही संगणक अडकला.

मग मात्र मी विहिरीवर गेलो. पंपाच्या खोलीत मोटर बसवायचा कट्टा रिकामा होता आणि भिंतीतून तुटकी वायर लोंबत होती. घरमालक काका मागे येऊन उभे राहिले.

"मोटर मीच काडून टाकली. थोरला पाणी धराया आल्ता, हितंच शॉक लागला त्याला. जाग्यावर गेला पोरगा. तवापासून विहीर बंदच हाय."

"मग मावशींना काय ऐकू येतं?"

"तिला येतं," ते म्हणाले. "मला न्हाई येत."

खोलीवर येऊन मी व्होल्टेज आणखी एक पायरी चढवलं. त्याच्या पुढच्या रविवारी संगणक थांबलाच नाही. ऊन उतरताना मावशी उंबऱ्यात येऊन बसल्या.

"आज वाजलीच न्हाई. तुमी काय केलं का?"

"थोडं व्होल्टेज वाढवलं, मावशी."

"मग कमी करा की परत."

या दोन गोष्टींचा संबंध नाही, हे त्यांना सांगायचं होतं. तरी मी ती पायरी उतरवली, गणितं पुन्हा लावली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. पंख्याच्या घरघरीशिवाय मला काही ऐकू येत नव्हतं. अचानक मावशींनी मान वर केली. चेहरा एकदम निवळला.

पडदा थिजला.

"पाणी धरतोय," त्या म्हणाल्या आणि गुरांना वैरण टाकायला खाली गेल्या.

तिथे होतो तोवर मी ती पायरी पुन्हा चढवली नाही. पुढे बावधनला फ्लॅट घेतला. संगणक तोच, व्होल्टेजही तेच. तिथे तो एकदाही अडकला नाही. कितीतरी रविवारी दुपारी मी त्याच्यासमोर नुसता बसून राहायचो, आता थांबेल म्हणून.