गळाच्या काठीची मूठ

मी आजवर चौदा गळाच्या काठ्या तयार केल्या आणि एकही मासा धरलेला नाही. आमचं घर माळकरी. हा नाद लागला तेव्हा बायकोनं एकच अट घातली: काठी घरात येईल, मासा येणार नाही, आणि माशाचा वास लागलेली काठी आली तर ती आणि तुम्ही, दोघंही आधी बाहेरच्या नळाखाली. ही अट मी तंतोतंत पाळली आहे. त्यात माझं काही कौतुक नाही, कारण माझ्या काठ्यांना मासे लागतात ते दुसऱ्यांच्या हातात.

लोक विचारतात, "खात नाही, धरत नाही, मंग बनवता कायले?" एकदा मी म्हणून पाहिलं, की तबला बनवणारा काही मैफिलीत वाजवायला बसत नाही. विचारणारा म्हणाला, "तबला येगळा अन् चिलापी येगळी." चिलापी म्हणजे आमच्या धरणातला सगळ्यात स्वस्त मासा. तेव्हापासून मी उत्तर देणं सोडून दिलं.

बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत परिचर होतो. काचेच्या नळ्या धुणं, चिमटे मोजून ठेवणं, मुलांनी सांडलेलं पुसणं, यात नोकरी संपली. निवृत्तीनंतर खामगावला एका भंगारवाल्याकडे पंख्याचं पातं शोधायला गेलो आणि मधोमध तुटलेली फायबरची गळाची काठी घेऊन आलो. पातं राहूनच गेलं. ती काठी जोडली, मग मोबाईलवर बघून बघून दुसरी केली, मग तिसरी. काठीवर दोरी जाण्यासाठी कड्या असतात. प्रत्येक कडीचा पाय रेशमी दोऱ्यानं बांधायचा, वेढ्याला वेढा लागून, एकावर एक न चढता. त्यावर चकचकीत गोंदाचा थर द्यायचा आणि तो सुकेपर्यंत काठी संथ फिरवत ठेवायची, नाहीतर गोंद एका बाजूला लोंबतो. फिरवण्यासाठी मी घरच्या गणपतीमागच्या चक्राची मोटर वापरतो. भाद्रपदातले दहा दिवस माझं काम बंद असतं, कारण मोटर मूळ मालकाकडे जाते.

समोरच्या घरात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर राहतात. वय सत्तरच्या पुढे. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला सर म्हणतात, कारण कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्रत्येकाला आमच्या गल्लीत सर म्हणतात. मी परिचर होतो हे त्यांना ठाऊक आहे. मीही कधी दुरुस्ती केलेली नाही.

बायको गेल्यापासून भाऊंचं सगळं आयुष्य धरणाच्या काठावर आलं होतं. सकाळी नऊला एक ऑटो गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायचा, भाऊ काठी आणि कणकेचा डबा घेऊन निघायचे, येळगावच्या धरणावर बसायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. कधी दोन मासे, बहुतेकदा शून्य. शून्य असलं तरी चेहरा बरा असायचा.

मागल्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी ते काठी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, टोकाची कडी ढिली झाली. तेवढी बसवून द्या."

तेवढी कडी. दहा मिनिटांचं काम. पण मी मूठ पाहिली आणि माझा जीव वर-खाली झाला. लाकडी मूठ, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर काळी पडलेली सुतळी. ट्यूब सोलली तर खाली लाकूड एका बाजूनं खोल झिजलेलं. आणि मुठीच्या वरच्या टोकाला बारीक बारीक खळगे, दोन्ही बाजूंनी. मी चष्मा लावून ते नीट तपासले आणि निदान केलं: उंदीर.

पोळा जवळ आला की आमच्याकडे माणसाचे हात शिवशिवतात. बैलाची शिंगं रंगवतात, बंडीची चाकं रंगवतात, उरलेल्या रंगात दाराची चौकट होते. माझ्याकडे बैल नाही. माझ्याकडे भाऊंची काठी होती. मी ट्यूब आणि सुतळी फेकून दिली, झिजलेल्या जागेत भुसा आणि गोंद भरला, सगळी मूठ पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केली, उंदराचे दात नाहीसे केले आणि व्हार्निशचे तीन हात दिले. कड्यांना लाल-हिरवे दोरे बांधले. पोळ्याच्या सकाळी काठी त्यांच्या हातात दिली. भाऊंनी ती बराच वेळ उलटीपालटी करून पाहिली.

"चमकते," ते म्हणाले. मी ते कौतुक समजलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांचा मुलगा मोटरसायकलवरून त्यांना धरणावर सोडायला निघाला, मीही मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर माझं कौतुक चारचौघांत व्हावं अशी इच्छा होती. भाऊ काठावर उभे राहिले, काठी मागे नेली आणि फेक केली. गळ गेला, दोरी गेली, आणि त्यांच्या पाठोपाठ काठीही गेली. ओल्या हातातून साबणाची वडी निसटते तशी ती निसटली आणि पाण्यात पडली.

मुलगा कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात उतरला. भाऊ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय करून ठेवलं बे हे?"

आजवर मी त्यांचा सर होतो. बे पहिल्यांदाच झालो.

मुलगा काठी घेऊन वर आला, पाणी निथळत होतं, त्यानं ती बापाच्या हातात दिली आणि म्हणाला, "घट्ट धरा." भाऊंनी धरली. मुलानं दोन बोटांनी ओढली आणि काठी सहज त्याच्याकडे आली.

"बाबा, हात कवापासून असा हाये?"

भाऊंनी हात खिशात घातला. मुलानं काठी मोटरसायकलला बांधली. एकट्या म्हाताऱ्या माणसानं असा हात घेऊन खोल पाण्याच्या काठावर बसायचं नाही, विषय संपला, असं तो म्हणाला. तो चुकीचं काही बोलला नाही, म्हणून आणखीच वाईट वाटलं. काठी त्यांच्या घराच्या माळ्यावर गेली.

पुढचे चार-पाच दिवस ऑटोवाला सवयीनं नऊला हॉर्न द्यायचा. भाऊ ओट्यावरून हातानं खूण करायचे, जा म्हणून. डाव्या हातानं. मी खिडकीतून बघायचो. मला लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. शेवटी ओट्यावर जाऊन बसलो. भाऊंनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तर उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मेल्यासारखी झाली होती. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर धरण बंद होईल. मग त्यांनी त्या हाताची व्यवस्था लावली. ट्यूब होती पकडीसाठी. झिजलेला खळगा अंगठ्याचा होता, तिथं अंगठा रुतवला की उरलेल्या दोन बोटांत काठी बसायची. गळाला कणीक लावायला दोन्ही हात लागतात, तेव्हा मूठ दातात धरायची.

म्हणजे उंदीर नव्हता. भाऊ होते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती साखरखेर्ड्याची, तिकडची माणसं सांत्वन करत नाहीत. "कडी बसवा म्हणे त्यो मानूस. कडी बसवाले इतलं कायले घासलं?" एवढं बोलून ती कणीक मळायला लागली.

मी तिथंच बसून राहिलो. मळून झालं की ती गोळ्यावर चार बोटं दाबते आणि मग झाकते. तिची आईही दाबायची. गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, तो मेलेल्या माणसासाठी. जित्या माणसांच्या कणकेवर बोटं उमटलेली पाहिजेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती चार बोटं मी रोज पाहत होतो आणि रोज पोळ्या खात होतो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

दुसऱ्या दिवशी घट्ट कणकेचा गोळा ताटलीत घेऊन समोर गेलो. "भाऊ, मूठ आवळा यावर. काठी धरता तशी."

"आता मुठीचं लोणचं घालता काय?"

"माप घेतो."

त्यांनी थोडा वेळ ताटलीकडे पाहिलं, मग गोळा मुठीत घेऊन आवळला आणि सोडला. अंगठा खोल उमटला होता. पहिली दोन बोटं खोल. शेवटच्या दोन बोटांच्या जागी कणीक होती तशीच होती, गुळगुळीत. दोन वर्षं जे त्यांनी मुलापासून लपवलं ते त्या गोळ्यावर कोणालाही वाचता आलं असतं. मग मी दुसरा लहान गोळा पुढे केला आणि म्हणालो, "आता दात." भाऊंनी इकडेतिकडे पाहून तोही चावला.

मुलगा दुकानावर गेल्यावर भाऊंनी काठी माळ्यावरून काढून दिली. कणकेच्या साच्यात प्लास्टर ओतून ठसा घेणं मला जमतं. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं त्याचा एवढा उपयोग झाला. त्या ठशावरून मी बाभळीच्या लाकडाची नवी मूठ कोरली. अंगठ्याचा खळगा, दोन बोटांच्या खाचा, वरच्या टोकाला दातांच्या जागा, आणि वरून सायकलची ट्यूब. व्हार्निश नाही. ती माझी चौदावी काठी. दिसायला अशी, की ही कोणी केली असं विचारलं तर मी खामगावच्या भंगारवाल्याकडे बोट दाखवलं असतं.

मुलगा ऐकेना. शेवटी म्हणाला, "गल्लीत दहा वेळा फेकून दाखवा. एकदा जरी सुटली तर पुन्हा नाव काढायचं नाही." गळाऐवजी दोरीला लोखंडी नट बांधला. भाऊ ओट्याखाली उभे राहिले. गल्ली गोळा झाली, दोघांनी खुर्च्या आणल्या. नऊ फेकी झाल्या. दहाव्या फेकीला नट शेजारच्यांच्या कपडे वाळत घालायच्या तारेत गुंतला. भाऊंनी ओढलं. नट सुटेना. त्यांनी आणखी जोर लावला. तार तुटली आणि दोन लुगडी, एक सतरंजी आणि शेजाऱ्याचं बनियन रस्त्यावर आलं. भाऊंच्या हातात काठी होती तशी होती.

मुलगा तारेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सुटली नाही." आणि खाली वाकून सतरंजी उचलायला लागला. उठताना त्यानं माझ्याकडे बोट केलं. "पन सर संग जातीन. रोज."

"मी काय करू तिथं?" मी विचारलं.

"बसा."

तेव्हापासून मी रोज नऊच्या ऑटोनं धरणावर जातो. मासा लागला की पाण्याकडे पाठ करून बसतो. भाऊ त्यावर हसतात. आल्यावर नळाखाली आंघोळ करतो आणि मगच घरात येतो.

यंदा पोळ्याच्या आधी टोकाची कडी पुन्हा ढिली झाली. "कडीच बसवा," भाऊ तीनदा म्हणाले. मी कडीच बसवली, दहा मिनिटांत. परत देताना सवयीनं मुठीवरून हात फिरवला. ट्यूब वर्षभरात बोटांशी फाटून गेली होती, लाकूड उघडं होतं. अंगठ्याचा खळगा चकचकीत झाला होता. पहिल्या बोटाची खाचही. मधल्या बोटाच्या खाचेत धूळ बसली होती.

धरणावर मी त्यांच्या शेजारीच बसत होतो. मला दिसलं नव्हतं.

मी धूळ पुसली नाही. "कणीक मळायला सांगू?" एवढंच विचारलं.

भाऊंनी आधी आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं. मुलगा आत होता. "सांगा," ते म्हणाले. "अन् घट्ट. मागच्या वेळेस पातय झाली होती."

ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. बायकोनं कणीक मळून पुढे ठेवली. भाऊंनी मूठ आवळली आणि हात मागे घेतला. एक अंगठा, एक बोट. बाकी सगळा गोळा गुळगुळीत. मी प्लास्टर कालवायला उठलो, तेवढ्यात बायको पुढे झाली आणि त्या गुळगुळीत जागेवर तिनं आपली तीन बोटं दाबली.

"यानं माप बिघडते काय?" तिनं मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

भाऊ ताटलीकडे बघत होते.

मूठ कोरताना मी त्या तीन खाचाही कोरल्या. त्यांत बसवायला भाऊंकडे जिवंत बोटं नाहीत. चार दिवसांनी काठी दिली तेव्हा त्यांनी अंगठा रुतवून पाहिला, डाव्या हातानं त्या तीन खाचांवरून एकदा बोट फिरवलं आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"उद्या नऊ वाजता," ते म्हणाले. "तयार राहजा."