चार बोटं फेस

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कोल्हापूरला उतरलो. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मुलांशिवाय आम्ही दोघंच निघालो ती ही पहिलीच सहल. मुक्काम तीन दिवसांचा. सत्तावीस वर्षांपूर्वी मी इथे दोन वर्षं शिकायला होतो, त्यामुळे सुनंदाला गाव दाखवणं माझ्याकडेच होतं.

रंकाळा तलावावर मी म्हणालो, "तेव्हा पाणी या पायरीपर्यंत असायचं." मग हॉटेलात मिसळ आली. सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती कट (तिखट रस्सा) आणखी मागत होती. मी म्हणालो, "तेव्हा याहून झणझणीत असायचा."

सुनंदाने चमचा खाली ठेवला. "अहो, मी तुमच्याबरोबर आलेय. तुमच्या तेव्हाबरोबर नाही. आणखी एकदा म्हणालात, तर उद्या पहिल्या गाडीने मी एकटी पुण्याला परत."

ती बोलल्याप्रमाणे करते.

संध्याकाळी दूध कट्ट्यावर गेलो. इथे रस्त्याकडेला म्हशी बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर थेट ग्लासात धार काढतात. मी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त ग्लासाला बोटं लावून फेस मोजला. तीन भरला. तेव्हा चार बोटं असायचा. सुनंदा पर्समध्ये गाडीचं वेळापत्रक शोधू लागली.

"पावणं, प्यायला आलायसा की मोजायला?" गवळी ओरडला. "फेस काय थांबतोय व्हय तुमच्यासाठी? वैनी, सांगा की यांस्नी!"

"बावीस वर्षं सांगतेय," सुनंदा म्हणाली.

"मग न्हाय ऐकायचं ते." त्याने माझा ग्लास काढून घेऊन शेजारच्या पैलवानाला दिला. पैलवानाने तो एका दमात संपवला. गवळ्याने नवी धार काढली आणि ग्लास माझ्या हातात कोंबला. "आता बोलू नगासा. प्या!"

प्यालो. कोमट, गोड. मिशीला फेस लागला. सुनंदा हसली आणि वेळापत्रक पर्समध्ये गेलं.

तिन्ही दिवस राहिलो. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "खरं सांगा, तेव्हाचं दूध याहून चांगलं होतं?"

आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, "तेव्हा मी प्यायलोच नव्हतो. कच्च्या दुधाची किळस यायची. मित्र प्यायचे, मी म्हशीपासून दहा फूट लांब उभा राहायचो."

म्हणजे सत्तावीस वर्षं ज्या चवीसाठी मी हळहळत होतो, ती मला परवा पहिल्यांदा कळली. आणि तीही जरा उशीर केला असता तर पैलवानाच्याच पोटात गेली असती.

सुनंदा कराड येईपर्यंत हसत होती. अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर.