सड्यावर फोडलेला नारळ

एकाहत्तर सालची लढाई चालू होती आणि फौजेतल्या नवऱ्याचं पत्र येऊन दीड महिना झाला होता. घरात वाचता येणारी मी एकटी, तीही चौथीपर्यंत शिकलेली. पोस्टमन आमच्या गावात मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. मुलगा सुखरूप राहावा म्हणून सासूबाईंनी भैरोबाला नारळ बोलला होता. तो सुनेनं अनवाणी सड्यावर जाऊन फोडायचा. त्यासाठी त्यांनी दिवस धरला नेमका मंगळवार. मी म्हणाले, बुधवारी जाऊ.

"देवाचा वार पोस्टमनच्या सोयीनं लावायचा व्हय?"

निघालो.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट रान. काळा कातळ, त्यावर गुडघाभर वाळलेलं गवत, झाड एक नाही. दोन तासांची चढण चढून वर आलो तेव्हा माझ्या तळव्यांत कुसळं मोडली होती आणि वाऱ्यानं पदर डोक्यावर ठरत नव्हता. वाटेत जुन्या कोरीव गुहा लागतात, पाण्याची टाकी लागतात. पांडवांनी कोरली म्हणतात. लोक तिथं सावलीला बसून भाकरी खातात. सासूबाई टेकल्या, मी नाही. मला सड्याची कड गाठायची होती.

कडेवरून एका अंगाला कोयनेचं पाणी दिसतं, दुसऱ्या अंगाला आमचं गाव आणि फाट्यापर्यंतचा रस्ता. एसटी फाट्यावर थांबलेली मला दिसली. कोणीतरी उतरलं. एवढ्या लांबून पोस्टमन आणि गुरव सारखेच.

"तुझं ध्यान देवाकडं हाय का रस्त्याकडं?" सासूबाई मागून आल्या.

"दोन्हीकडं."

"मंजे कुठंच न्हाई."

भैरोबाचं देऊळ भूकंपात पडलं होतं. चार वर्षं झाली तरी दगडांचा ढीग तसाच होता. ढिगापुढं एकच दगड उभा, पुरुषभर उंच, कोरलेला, शेंदूर फासलेला. मी तिथं पहिल्यांदाच आलेली, सासूबाई भूकंपानंतर पहिल्यांदा. त्यांनी हळदकुंकवाची पुडी सोडेपर्यंत मी नारळ आपटून मोकळी झाले. मला परत कडेला जायची घाई होती.

पलीकडे शेरडं राखणारा एक म्हातारा धनगर ओरडला, "आवं, तितं कुठं फोडताय? देव मागं हाय, त्या छपरात. देऊळ पडल्यापास्नं तिकडंच बसतोय."

"मग ह्यो कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मेलेला गडी. वीरगळ म्हंत्यात. बघा की, खाली लढतोय, मधी मेलाय, वर म्हादेवापाशी जाऊन बसलाय."

"आन् शेंदूर?"

"देवाला लावून उरला, त्यो कुणीतरी ह्याला फासला. एकटाच उभा असतोय बिचारा."

सासूबाई मटकन खाली बसल्या. लढाईवर गेलेल्या पोराचा नारळ मी लढाईत मेलेल्या माणसापुढं फोडला होता. दुसरा नारळ आणलेला नव्हता.

"आता फोडलाच हाय तर खोबरं तरी खावा म्हातारे," धनगर म्हणाला. "त्यो काय मागाय येत न्हाई."

त्यांनी हात लावला नाही. मला भूक लागली होती, मी खाल्लं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की उरलेलं मी खाली ठेवलं. छपरातल्या देवाला नुसतं हळदकुंकू वाहिलं आणि मी कडेला पळाले.

आमच्या आळीत माणसं जमली होती. आमचं आणि शेजारणीचं अंगण एकच, आणि तिचाही मुलगा लढाईवर.

"काय दिसतंय?" सासूबाईंना लांबचं दिसत नव्हतं.

"माणसं."

"कुणाच्या दारात?"

"कळत न्हाई."

"तूच फोडलास," त्या म्हणाल्या. उतरताना मी दोनदा पडले, त्या थांबल्या नाहीत.

अंगणात आलो तर रडारड शेजारणीच्या दारात होती. तिच्या मुलाची तार आली होती. आमचं दार रिकामं होतं. मी आमच्या पायरीवर बसले. मला बरं वाटलं. आता या वयात खोटं कशाला लिहू.

सासूबाईंनी मला आत ओढून कडी लावली. "आपला नारळ तिच्या पोरावर पडला."

पोस्टमननं तार वाचून दाखवली होती, मुलगा सहा दिवसांपूर्वीच गेला होता. मी ते सांगितलं. "त्यो गेला तवा आपला नारळ दुकानात हुता," म्हणाले. त्यांनी ऐकलं, पण आत शिरलं नाही.

शुक्रवारी नवऱ्याचं पत्र आलं. पायाला लागलं होतं, दवाखान्यात होता. उन्हाळ्यात घरी आला, लंगडत.

सासूबाई मरेपर्यंत शेजारणीचा उंबरा चढल्या नाहीत. वर्षश्राद्धालाही नाही. तोंड दाखवायला त्यांना लाज वाटायची. शेजारणीनं त्याचा वेगळाच अर्थ लावला. एकदा पाणवठ्यावर मला म्हणाली, "पोरगं परत आलं म्हणून तुजी सासू तोऱ्यात हाय. एका शब्दानं इचारलं न्हाई तिनं मला."

नारळाचं खरं सांगितलं असतं तर तिनं दोघींचंही तोंड बघितलं नसतं. मी म्हणाले, "हाय तशीच ती," आणि घागर उचलली.