शेजारी बसलं की घासतं

गाडीला रुंद टायर बसवायचे हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मग आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. जालन्यातल्या दवाखान्यात पेशंटच्या दाढेत ड्रिल चालू असायचं आणि माझं लक्ष खिडकीतून खाली, पार्किंगकडे. तिथं माझी लाल स्पोर्ट्स कार उभी असायची. दोन दारं, दोन सीटा, जमिनीला टेकेल की काय इतकी बुटकी. सेकंडहँड घेतली होती. बाईच्या जातीला, त्यातून दाताच्या डॉक्टरला असली गाडी शोभत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटले. कुणाला शोभत नाही, असं विचारलं की गप्प व्हायचे.

गाडी देखणीच होती. पण मागून पाहिलं की चाकाच्या वरच्या कमानीत मोकळी जागा दिसायची आणि मला ती खुपायची. कंपनीचे रिम सुंदर होते, ते बदलायचे नव्हते. त्यांच्यावरच जरा भरदार टायर हवे होते.

बायपासवरच्या टायरवाल्यानं आधी मान हलवली. "मॅडम, कंपनीचं रिम हाय. एक साईज रुंद आरामात बसतं. दोन साईज रुंद घेतलं तर बसंल, पण टायरचं पोट सुटंल."

"सुटू द्या," मी म्हणाले.

त्यानं कमानीत बोटं घालून जागा चाचपली, टायर बसवले, हवा भरली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. मग एक चक्कर तो मारून आला, एक मी मारून आले. कुठंच काही लागत नव्हतं. "बिलकुल न्हाई घासत," तो म्हणाला, आणि मीही खूश झाले. दोघांनाही एक गोष्ट सुचली नाही. तो एकटा बसला होता आणि मीही एकटीच बसले होते. शेजारच्या सीटवर एरवी माझी पर्स असायची.

म्हणजे सोमवार ते शनिवार पर्स. रविवारी आण्णा.

आण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं, धावड्याकडे जाताना लागतं. आई गेली आणि मी त्यांना जालन्याला घेऊन आले. घरी एकटे काय खातील, रात्री-बेरात्री काय झालं तर कोण बघेल, असं सगळ्यांना सांगत मी त्यांचं कपाट रिकामं केलं. ते काही बोलले नाहीत. त्याचा अर्थ मी हो असा घेतला. रविवारी मात्र त्यांना गावी जायचं असायचंच. मी न्यायची, संध्याकाळी परत आणायची.

नवे टायर बसवल्यावर ते पहिल्यांदा गाडीत बसले तो रविवार मला विसरता येत नाही. जालना सुटलं, गाडी छान पळत होती, माझ्या अंगात वारं भरलेलं. राजूरला चतुर्थी नसूनही गणपतीला गर्दी होती. तिथल्या पहिल्या स्पीडब्रेकरवर मागून खर्रर्र असा आवाज आला. डावीकडून, म्हणजे त्यांच्या बाजूनं.

"काय घासून राह्यलं?" आण्णांनी विचारलं.

"काही नाही. रस्ता खराब आहे."

पुढच्या खड्ड्यात पुन्हा खर्रर्र. मला कळून चुकलं. त्यांच्या वजनानं गाडी डाव्या अंगाला दबत होती आणि टायरचं सुटलेलं पोट मडगार्डच्या कडेला लागत होतं. आण्णांनाही कळलं असावं, कारण ते एकदम अंग चोरून बसले. वरचं हँडल धरून त्यांनी स्वतःला सीटवरून जरा उचलूनच घेतलं, जणू तेवढ्यानं वजन कमी होणार होतं. मी म्हणाले, आण्णा, नीट टेका. ते म्हणाले, टेकलोच हाय.

भोकरदन येईपर्यंत माझं डोकं तापलं. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, भोकरदनच्या पुढं प्रत्येक स्पीडब्रेकर आला की ते म्हणायचे, "थांब, म्या उतरतो." उतरायचे, पांढरा सदरा सावरत चालत पलीकडे जायचे, मी गाडी पलीकडे काढायची, ते पुन्हा वाकून आत शिरायचे. पिंपळगावात मिरचीच्या गाड्यांपाशी थांबलेली माणसं हसायला लागली. एकानं ओरडून विचारलं, "मास्तर, धक्का मारायचा का?" आण्णाही हसले. मला मात्र त्या टायरवाल्यापासून रस्ता बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा राग आला.

गावात पोचल्यावर त्यांनी मास्तरकी दाखवली. "तू येकटी चालव. त्या नाल्यापाशी खड्डे हायेत, तिथवर जाऊन ये. म्या हितं उभा राह्यतो." मी जाऊन आले. आवाज नाही. मग ते बसले, पुन्हा तोच नाला. खर्रर्र.

"बघ," ते म्हणाले. "माझ्यानंच हाय."

संध्याकाळी निघताना ते ओट्यावरून उठलेच नाहीत. विहारातली वंदना आटोपून ते शांत बसले होते. म्हणाले, "तू जा. म्या यष्टीनं येतो दोन दिवसांत."

आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "गाडीत येकालाच जागा हाय, माय. तू कामून उगा खर्च्यात पडतीस?"

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. बापाला गाडीत जागा नाही म्हणजे काय? रुंद टायर मीच हौसेनं बसवले होते, पण आता गाडी मोडून पडली तरी चालेल, आण्णा परत घरी आले पाहिजेत, एवढं एकच मला दिसायला लागलं. टायर काढून टाकावेत हा सरळ विचार मात्र मला शेवटी सुचला. आधी मी नाही नाही ते करून पाहिलं. चाकावरचं आतलं प्लास्टिक कापलं. मडगार्डची कड गरम करून आत वाकवून घेतली, त्यात तिथला रंग तडकला. पंक्चरवाल्याच्या सांगण्यावरून हवा वाढवली, तर गाडी खड्ड्यांतून उड्या मारायला लागली. दर वेळी चाचणी घ्यायची तर शेजारी वजन हवं. शेजारी बसायला कुणी नव्हतं, म्हणून मी गव्हाची गोणी सीटवर ठेवली. पट्टा लावला नाही की गाडी टिणटिण करायची, म्हणून गोणीला पट्टाही लावला. राजूर रोडवर चहाच्या टपरीपाशी थांबले तर टपरीवाला आत डोकावून म्हणाला, "ताई, पाहुण्यांना चहा देऊ का?" मी हसले, पण हसताना आतून काहीतरी टोचलं. त्या सीटवर बसवायला मला गोणीच मिळाली होती.

गोणी बसली तरी घासत होतंच. आवाज कमी झाला होता, गेला नव्हता. दवाखान्यात मी कंपाउंडरबाईंवर खेकसायला लागले. घरी आल्यावर किल्लीनं दार उघडायचं, दिवा लावायचा, आणि उभ्याउभ्याच काहीतरी खाऊन पुन्हा गाडी काढायची. आण्णा असताना मी बेल वाजवायच्या आधीच ते दार उघडायचे. लिफ्टचा आवाज ओळखायचे म्हणे.

शेवटी वैतागून बायपासवर गेले आणि जुने, बारीक टायर परत बसवायला सांगितले. टायरवाल्यानं तोंड वाकडं केलं. "मॅडम, काय रुबाब दिसत व्हता गाडीचा!"

"रुबाब राहू द्या. जल्दी बसवा," मी म्हणाले.

तिथून थेट गावाकडे निघाले. रविवार नव्हता. पेशंटना फोन करून पुढच्या तारखा दिल्या. सगळ्या वाटेनं मी मनात बोलत होते, आण्णांना काय सांगायचं, ते काय म्हणतील, आपण काय म्हणायचं.

आण्णा अंगणात लिंबाच्या झाडांना पाणी देत होते. त्यांना मी हात धरूनच गाडीत बसवलं आणि नाल्यावर नेलं. एकदा, दोनदा, मुद्दाम खड्डा बघून तिसऱ्यांदा. काही लागलं नाही. मी विजयानं त्यांच्याकडे पाहिलं. "झालं ना आता? चला, पिशवी भरा."

ते समोर बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज बंद झाला, बरं झालं. पण म्या आवाजानं न्हाई थांबलो."

"मग?"

"टायरचं निमित्त झालं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू ऐकत व्हतीस कुठं? तू तर टायर बदलून राह्यली व्हतीस." मग म्हणाले, "तिकडं म्या दिवसभर काय करतो ठाव हाय का? तुझी वाट बघतो. हितं दोन पोरं संध्याकाळी पुस्तक घिऊन येतात, विहारात चार लोक इचारतात, मास्तर आले का. हितं माझी वाट बघतात. तू मला घिऊन गेलीस माय, पण येता का म्हणून इचारलं न्हाई."

मला संताप आला. इतकं सगळं ज्यांच्यासाठी केलं, तेच असं म्हणत होते. तोंडात दुसरंच काहीतरी कडक आलं होतं, पण बाहेर पडलं ते हे: "आणि मग माझी वाट कोण बघणार?"

बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं. डोळे भरून आले, म्हणून मी आरशात बघितल्यासारखं केलं.

आण्णा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मंग तसं म्हणायचं ना. माझी काळजी, माझी काळजी, असं कामून म्हणत राह्यलीस?"

मी गाडी वळवली. घरापाशी मी गाडी थांबवली. ते उतरले, दार लावलं आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "सोमवारी यष्टीनं येतो. चार दिस राहीन, मंग परत हितं. तू न्यायला येऊ नको. येक दिवस तू माझी वाट बघ."

सोमवारी मी दुपारच्या पेशंटना नाही म्हणून सांगितलं, स्वयंपाक केला आणि लिफ्टच्या आवाजाकडे कान देऊन दारात उभी राहिले. दोनदा लिफ्ट वर आली आणि दोन्ही वेळा शेजारचे उतरले. आण्णा रोज हेच करत होते, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.