काळाचौकीत हिब्रू टाइप करताना

आमच्या डीटीपीच्या दुकानात कामं सगळी पत्रिका, पूजेची आमंत्रणं आणि मंडळाच्या बॅनरची. किस्से मात्र साठलेत ते हिब्रूचे! मला आणि माझ्या पार्टनरला, दिगूला, हिब्रू ओ की ठो येत नाही, म्हणूनच असेल. आणि हे सगळे किस्से आणले एकाच माणसाने. माझगावचे आवासकर काका. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. रिटायर्ड गणिताचे मास्तर. सोबत मिरियमकाकू असायच्याच.

•

पहिलं काम पुतणीच्या लग्नपत्रिकेचं. वर हिब्रूत ‘शालोम’ हवं होतं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. आमचं जुनं सॉफ्टवेअर ते डावीकडूनच लावत सुटलं.

प्रिंट बघून काका म्हणाले, “हा ‘मोलाश’ कोण?”

दिगू म्हणाला, “काका, अक्षरं सगळी आहेत हां. एक पण कमी नाय!”

“बरोबर आहे रे, गूदि!”

तेव्हापासून काकू त्याला गूदिच म्हणायच्या.

•

एकदा काकांनी इंटरनेटवरची एक हिब्रू प्रार्थना कॉपी करून मेल केली. आमच्याकडे उघडली तर ओळीच्या ओळी नुसते रिकामे चौकोन!

दिगूने समजावलं, “काकू, कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षराचा एक नंबर असतो. नंबर आलाय बरोबर. पण त्या नंबरचा चेहरा दाखवणारा फॉन्ट आपल्याकडे नाय. पत्रिकेचा जुना फॉन्ट हे नंबर ओळखत नाय.”

काकू स्क्रीनजवळ वाकल्या. “चाळीच्या खिडक्या दिसतायत रे,” त्या म्हणाल्या. “माणसं कुठे गेली सगळी?”

मी तिथल्या तिथे नवा हिब्रू फॉन्ट टाकला. अक्षरं आल्यावर काकूंनी चक्क टाळ्या वाजवल्या!

•

मग तो ‘आलेफ’. हिब्रूचं पहिलं अक्षर. मी ते चिन्हांच्या तक्त्यातून उचललं आणि अख्खी ओळ उलटीपालटी झाली. दिसायला अक्षर अगदी बरोबर! शेवटी दिगूने नंबर तपासला. आलेफ दोन निघाले. एक भाषेतला, उजवीकडून चालणारा. दुसरा गणितातलं चिन्ह, तो डावीकडून चालतो.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. “गणितातला ना? मग तो कुणाचं ऐकणार! लग्नापासून बघतेय मी.”

काका हसून हसून लाल.

•

पुढच्या वेळी काका एकटेच आले. काकूंच्या कबरीवरच्या दगडासाठी नाव करायचं होतं.

हिब्रूत ‘मिरियम’च्या सुरुवातीला ‘मेम’, म्हणजे आपला ‘म’, शेवटीही ‘मेम’. दिगूने दोन्हीकडे एकच अक्षर टाकलं. काका म्हणाले, “शब्दाच्या शेवटी मेम असं उघडं राहत नाही. बंद होतं. चौकोनासारखं.”

“त्याचा नंबर वेगळा आहे, काका. बटण पण वेगळं.”

“आपोआप नाही होत बंद?”

“नाय. आपण करायचं.”

काका म्हणाले, “सरक जरा, गूदि.” कीबोर्ड पुढे ओढून त्यांनी ते बटण शोधलं आणि स्वतःच दाबलं.

•

परवा भर दुपारी काका मोबाइल घेऊन आले. इस्रायलला असलेल्या नातीचा, नोआचा, हिब्रूत मेसेज होता. काकांना लिपी वाचता येते, पण अर्थ प्रार्थनेपुरता. “हे कुठल्याच प्रार्थनेत नाही गं, सुजाता,” ते मला म्हणाले.

मी ऑनलाइन भाषांतराला टाकलं. काहीतरी भलतंच आलं!

“तुम्ही नुसतं मोठ्याने वाचा ना,” दिगू म्हणाला.

काका एकेक अक्षर लावत वाचायला लागले. “आ... जो... बा... जे... व... लात... का.”

“अरे, ही तर मराठी!” दिगू ओरडला.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “उत्तर टाइप कर, सुजाता. तिच्याच अक्षरांत. मी सांगतो एकेक. लिही, ‘जेवलो’.”

मेसेज गेला. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

“दिगू, डबा उघड रे तुझा. पोरीशी खोटं नको बोलायला.”