विकायची नसलेली बंदूक

बायको गेल्यावर सुट्टीचा दिवस फ्लॅटमध्ये काढवेना, म्हणून मी शुक्रवारी ओमानमधल्या अल् घुब्राहून गाडी काढून खाबुरा गावच्या बाजारात जाऊ लागलो. तिथे सकाळी जुन्या बंदुकांचे शौकीन जमत. त्यांच्यात एक म्हातारा ओमानी नेहमी दिसे. मांडीवर चांदीच्या कड्यांची लांब बंदूक. कुणी थांबलं की डोक्याच्या फडक्याच्या टोकाने तिचा दस्ता पुसून तो ती पुढे करी. भाव ऐकून हसे आणि बंदूक परत मांडीवर घेई.

शेजारचा बलुची दुकानदार त्याला चिडवी, "चाचा, बेचेगा या इसकी शादी करेगा?"

एकदा मीच विचारलं.

"बेचना नहीं," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "मेरा भाई का है. वो मर गया. घर में रखेगा तो कोई नहीं पूछेगा. इधर सब पूछता है, किसका है. फिर मैं बोलता है."

आमच्याकडे येणारे लोक माझ्या बायकोचा विषय जपून टाळतात. हिची हार्मोनियम मीही कपाटामागे सरकवली होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती काढली, पुसली आणि दारासमोरच ठेवली. येणाऱ्याला वळसा घालूनच आत यावं लागेल, अशी.