मीनलताईंनी मला उभं केलं

मीनलताई गेल्याचं मला सदर बाजारात कळलं. नातीचा फोन आला. "आबा, दीदी नहीं रहीं." एवढंच. गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मी रस्त्यातच थांबलो...

रायपूर राजधानी झालं तेव्हा ताई माहेरी परतल्या आणि चौबे कॉलनीत वरच्या मजल्यावर बॅलेचा क्लास काढला. पोरी चोरासारख्या चवड्यांवर चालतात म्हणून लोक हसले. मीही हसलो. पुढं नातीला तिथं सोडायला जाऊ लागलो. जन्म गेला भनपुरीत ट्रक चालवण्यात, पडून खुबा मोडला, पण काठी घेतली नाही. भिंत धरून जिना चढायचो. ताईंनी एकदा वरून पाहिलं.

"काका, काठी नको ना? मग इथं दांडा धरा."

"मले काहून? मी का नाचणारी पोट्टी हाओ?"

"नाही. पण पडायला आवडतं का तुम्हाला?"

आरशासमोर भिंतीला लावलेला तो दांडा धरला. शेजारी दात पडलेल्या लहान पोरी. गुडघे वाकवायचे, हळू उठायचं. मी खाली पाहिलं की ताई म्हणायच्या, "जमिनीला काय विचारता? समोर पाहा." पोरीही त्यांच्याच सुरात, "आबा, पेट अंदर." पावसाळा सरला आणि मी भिंतीला हात न लावता जिना उतरलो. नातीला मात्र बजावलं होतं, घरी कोणाले सांगू नको.

शोकसभेत एकेक मुलगी उठून बोलली. माझ्या मुलानं, नातीच्या बापानं, हळूच विचारलं, "बाबा, तुमी ओळखत होते का त्यायले?"

"मी तं फक्त पोट्टीले सोडाले जात होतो."

नात शेजारीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या पायांनी तिथवर चालत गेलो, ते कोणाच्या मेहनतीचे, एवढं सांगायला जीभ उचलली नाही. खुबा मोडला तेव्हाही मी एवढा पडलो नव्हतो.

आता मोठ्या मुली क्लास चालवतात. मी गेलोच नाही, तोंड कुठं होतं... परवा मुलाला म्हटलं, आज मी येतो पोट्टीले सोडाले, तूही क्लासमंदी वर चल. वर पोरी रांगेत उभ्या होत्या, मधे एका माणसापुरती जागा सोडून.

"ये जगह किसकी है?" मुलानं नातीला विचारलं.

ती माझ्याकडे पाहून राहिली. माझे कान लाजेनं तापले होते.

"माझी हाये," मी म्हणालो, आणि जाऊन दांडा धरला.